इंदूर कंपोस्ट पद्धती आणि मृदा-पारिस्थितिकी : हॉवर्ड व वाड यांच्या लेखनाचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

सेंद्रिय शेतीच्या इतिहासात सर अल्बर्ट हॉवर्ड (१८७३-१९४७) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांचा 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' (१९४०) हा ग्रंथ या विचारधारेचा मूलग्रंथ मानला जातो. तथापि ज्या प्रयोगांच्या आधारावर हा ग्रंथ उभा आहे, ते होळकरांच्या इंदूर संस्थानात झाले. त्या प्रयोगांची सविस्तर मांडणी करणारा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या शीर्षकपृष्ठावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव होते. हॉवर्ड यांची कीर्ती जगभर पसरली. वाड यांचे नाव मात्र ग्रंथसूचीपुरते उरले. या लेखनाचा क्रम आणि त्याचा प्रभाव तपासताना हा फरक दुर्लक्षून चालत नाही.

पुसा ते इंदूर

हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड या स्वतः वनस्पती-शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासक होत्या. 'व्हीट इन इंडिया' (१९०९) हा ग्रंथ उभयतांचा असून पुसा ४, पुसा १२ यांसारखे गव्हाचे सुधारित वाणही त्यांच्या संयुक्त संशोधनाचे फलित होते. सुधारित बियाणे दिले तरी माती निकस असेल तर त्याचे गुण प्रकट होत नाहीत, हा अनुभव त्यांना येथेच आला. मुळांची वाढ, जमिनीतील हवा आणि पाण्याचा निचरा यांकडे त्यांचे लक्ष वळले. परंतु पुसा येथे रसायन, कवक, कीटक असे विभाग परस्परांपासून अलग होते. पिकाचा साकल्याने विचार करण्यास ही रचना अडसर ठरते, असे त्यांचे मत बनले.

या मतभेदातून १९२४ मध्ये इंदूरची 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था साकार झाली. होळकर दरबाराने तिला सुमारे ३०० एकर जमीन दिली. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थाने यांनी आर्थिक भार उचलला. कापूस हे संस्थेचे मुख्य पीक होते. माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस सुधारायचा, तर आधी जमिनीचा कस सुधारला पाहिजे, या विचाराने खताचा प्रश्न कामाच्या केंद्रस्थानी आला.

१९३१ चा ग्रंथ

गॅब्रिएल हॉवर्ड यांचे १९३० मध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हा ग्रंथ ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. त्याचे सहलेखक वाड हे संस्थेच्या रसायन विभागातील प्रमुख साहाय्यक होते. चीनमधील शेतकऱ्यांची खत करण्याची जुनी रीत, हिंदुस्थानी शेतकऱ्याचा शेणाचा व गोमूत्राचा वापर आणि इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे हचिन्सन व रिचर्ड्स यांनी १९२१ मध्ये मांडलेले कृत्रिम शेणखताचे संशोधन, या तीन धाग्यांची गुंफण या ग्रंथात आढळते.

काडीकचरा, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर खड्ड्यात रचावयाचे, ओलावा राखावयाचा आणि तीन वेळा उलथापालथ करून सुमारे ९० दिवसांत खत तयार करावयाचे, ही या पद्धतीची रूपरेषा होय. आरंभी बुरशी व नंतर जीवाणू कार्यरत होतात. ढिगाचे तापमान प्रथम बरेच वाढते व मग उतरत जाते. आरंभी सुमारे ३३:१ असलेले कर्ब-नत्र गुणोत्तर अखेरीस १०:१ च्या आसपास येते. गावचा उकिरडा आणि इंदूरचा खड्डा यांत वापरलेले द्रव्य पुष्कळसे एकच आहे. भेद आहे तो हवा, ओलावा आणि गुणोत्तर यांच्या नियमनाचा. सूक्ष्मजीवांच्या या क्रमवार कार्याला अंकांचे अधिष्ठान देणे हे रसायन विभागाचे काम होते, आणि म्हणूनच वाड यांच्या सहलेखकत्वाला केवळ औपचारिक मानता येत नाही.

हॉवर्ड १९३१ मध्ये मायदेशी परतले. इंदूरचे काम तेथे थांबले नाही. संस्थेचे पुढील संचालक जॅक्सन यांच्यासमवेत वाड यांनी मानवी वस्तीतील मैला व केरकचरा यांचे इंदूर पद्धतीने खत करण्याविषयीचा निबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. इंदूर शहर, इंदूर रेसिडेन्सी आणि माळवा भिल्ल पलटणीची छावणी येथे हे प्रयोग झाले. शेतीच्या प्रश्नाला येथे नागरी आरोग्याची जोड मिळाली.

प्रभाव आणि त्याच्या मर्यादा

पूर्व आफ्रिकेतील कॉफीचे आणि सिलोन-आसामातील चहाचे मळे यांनी ही पद्धती स्वीकारली. महात्मा गांधींच्या 'हरिजन' साप्ताहिकातून १९३५ मध्ये तिचा परिचय देशातील वाचकांना घडला. इंग्लंडमध्ये ईव्ह बाल्फोर यांचे 'द लिव्हिंग सॉइल' (१९४३) व १९४६ मध्ये स्थापन झालेली सॉइल असोसिएशन, तसेच अमेरिकेत रोडेल यांचे १९४२ पासूनचे नियतकालिक, या सर्वांवर हॉवर्ड यांची छाप आहे.

हा प्रभाव मुख्यत्वे १९४० च्या ग्रंथाचा आहे. त्यात हॉवर्ड यांनी मातीचे आरोग्य, पिकाचे आरोग्य आणि माणसाचे आरोग्य ही एकच साखळी मानली. मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाला, म्हणजे मायकोरायझाला, त्यांनी दिलेले महत्त्व पुढील संशोधनाने बऱ्याच अंशी सार्थ ठरविले. याउलट, ह्यूमसयुक्त जमिनीवरील पिके व जनावरे रोगांना बळी पडत नाहीत, हा त्यांचा व्यापक दावा नियंत्रित प्रयोगांनी सिद्ध झालेला नव्हता, आणि समकालीन शास्त्रज्ञांचा आक्षेप नेमका त्यावर होता. अनुयायांनी हा दावा उचलून धरला. १९३१ च्या ग्रंथातील मोजमापे मात्र मागे पडली. त्यांच्याबरोबर वाड यांचे नावही मागे पडले.

देशात हा धागा अन्य मार्गांनी पुढे गेला. बंगळूर येथे आचार्य यांनी १९३९ मध्ये नागरी कचऱ्यासाठी वेगळी पद्धती विकसित केली. महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात अधिक खत देणारी, विटांच्या जाळीदार टाक्याची 'नाडेप' पद्धती रूढ केली.

समारोप

या इतिहासाचे महत्त्व केवळ श्रेयनिश्चितीपुरते नाही. वसई तालुका केळी, पानवेली, फुले व भाजीपाल्याच्या वाड्यांसाठी ख्यात होता. आज आचोळे-नालासोपारा परिसरात दाट नागरी वस्ती आहे, आणि २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेपुढे कचऱ्याचा प्रश्न उभा आहे. ओल्या कचऱ्याचे खत व्हावे, असा आग्रह २०१६ च्या घनकचरा नियमांनी धरला. जॅक्सन व वाड यांनी १९३४ मध्ये हाताळलेला प्रश्न मूलतः हाच होता. त्याचे उत्तर श्रद्धेपेक्षा ओलावा, हवा आणि गुणोत्तर यांच्या नियमित नोंदींत सापडते, हे इंदूरच्या लेखनातून स्पष्ट होते. म्हणूनच हॉवर्ड यांच्या प्रभावाचे मूल्यमापन करताना १९४० च्या ग्रंथाशेजारी १९३१ चा ग्रंथ ठेवणे, आणि त्याच्या दोन्ही लेखकांची नावे घेणे, इतिहासदृष्ट्या आवश्यक ठरते.