घरी घडविलेल्या यंत्रांची बखर

गोमंतकाचा इतिहास लिहिणारांस ताम्रपट मिळाले, शिलालेख मिळाले, गावकऱ्यांच्या जुन्या वह्या मिळाल्या. परंतु एखाद्या हौशी माणसाने रात्री जागून, स्वतःच्या हातांनी घरी जे यंत्र रचले, त्याचा कागद कोणी जपून ठेवल्याचे क्वचितच दिसते. यंत्र बंद पडले म्हणजे ते माळ्यावर जाते, माळ्यावरून भंगारात जाते, आणि करणाराच्या मागे त्याचे नावही उरत नाही. अलीकडे मात्र एक निराळी रीत रूढ झाली आहे. मायक्रोकंट्रोलर नावाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घेऊन त्याभोवती लहानमोठी यंत्रे रचणारे हौशी लोक आपल्या कृतीचे छायाचित्र काढतात व परस्परांस दाखवितात. आणि विशेष हे की, ते छायाचित्र पेटीचे झाकण उघडे ठेवून काढलेले असते. तारा कोठून निघाल्या, डाख कोठे दिला, कोणता तुकडा कोठे बसविला, हे सर्व त्यांत दिसते. ही रीत वरवर पोरखेळ वाटेल. आम्हांस ती इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. कारण या भूमीत बिनतारी विद्येची सुरुवातीची प्रसिद्ध प्रकरणे उघडेपणाची नव्हेत, लपवाछपवीची आहेत.

वास्कोचेच उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे मुरगांव बंदरात एरेनफेल्स, ब्राउनफेल्स व ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आन्फोरा हे इटालियन जहाज आश्रयास राहिले होते. एरेनफेल्सवर एक गुप्त प्रक्षेपक आहे व त्यावरून दोस्तांच्या जहाजांच्या हालचाली जर्मन पाणबुड्यांस कळविल्या जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेले काही निमलष्करी स्वयंसेवक, ज्यांतील पुष्कळ जण वयाने प्रौढ व पेशाने व्यापारी वा कारकून होते, ‘फीबी’ नावाच्या एका सामान्य बार्जवरून बंदरात शिरले व त्यांनी एरेनफेल्सवर छापा घातला. खलाशांनी आपल्याच जहाजांस आगी लावून ती बुडविली. त्या प्रक्षेपकाने प्रत्यक्ष किती जहाजांचा घात केला, याविषयी पुढील अभ्यासकांत मतभेद आहेत. ते काही असो. ही सर्व हकीकत जगापुढे विस्ताराने आली ती १९७८ साली जेम्स लीझर यांचे पुस्तक निघाले तेव्हा. वास्कोच्या किनाऱ्यावरून ज्या आगी दिसल्या असतील, त्यांचे खरे कारण पस्तीस वर्षे पेटीत बंद राहिले.

दुसरे प्रकरण आम्हांस अधिक जवळचे आहे. १९५४ साली दादरा व नगरहवेली मुक्त झाली, तेव्हा तेथे हाती लागलेल्या दोन बिनतारी संचांत फेरफार करून गोमंतकीय स्वातंत्र्यवाद्यांनी एक नभोवाणी केंद्र उभे केले. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. पुढे ते कॅसलरॉककडे हलविण्यात आले. पोर्तुगीज व कोंकणी अशा दोन भाषांतून चालणाऱ्या या केंद्राचा भार श्री. वामन सरदेसाई व श्रीमती लिबिया लोबो यांनी १९६१ पर्यंत रानात राहून वाहिला. पहिल्या काळात श्री. निकोलाव मिनेझिस हेही त्यांच्यासमवेत होते. आंबोलीपासून पेडणे किंवा डिचोली काही फार दूर नाही. घाटमाथ्यावरून निघालेला आवाज खाली उतरावयास सीमेवरचा पहारा आड येत नसे. १९ डिसेंबर १९६१ रोजी याच दोघांनी भारतीय विमानातून गोव्यावर फिरत मुक्तीची वार्ता ध्वनिवर्धकावरून सांगितली. या दांपत्याचा (त्यांचा विवाह मुक्तीनंतर झाला) उचित गौरव झाला आहे. वामनरावांस १९९२ साली व लिबियाबाईंस, त्यांच्या वयाची शंभरी झाल्यावर, २०२५ साली पद्मश्री मिळाली. परंतु आमचे लक्ष येथे दुसऱ्या गोष्टीकडे आहे. लष्करी वा पोलिसी कामाचा संच उघडून त्याचे नभोवाणी केंद्र करणे म्हणजे आजचे हौशी लोक जे करतात तेच होय: एका कामाकरिता घडविलेली वस्तू दुसऱ्या कामास जुंपणे. फरक इतकाच की, त्या काळी झाकण उघडे ठेवणे म्हणजे केंद्र शत्रूच्या हाती देणे होते. गुप्तता हा तेथे धर्मच होता.

याच वेळी जगात इतरत्र बिनतारी विद्येचे हौशी उपासक याच्या नेमके उलट वागत होते. परवाना घेऊन घरातून बिनतारी संभाषण करणारे हे लोक, ज्यांस इंग्रजीत ‘हॅम’ म्हणतात, दूरदेशीच्या सोबत्याशी बोलणे झाले म्हणजे त्याला टपालाने एक कार्ड पाठवीत. या कार्डास क्यूएसएल असे नाव आहे; तारयंत्राच्या सांकेतिक भाषेत त्याचा अर्थ ‘पोहोचले’ असा होतो. कार्डावर आपले संकेतनाम, संभाषणाची तारीख, ग्रिनिचची वेळ, कोणत्या तरंगलांबीवर बोलणे झाले, आवाज कितपत स्पष्ट आला, हे लिहावयाचे. आणि बहुधा खाली प्रक्षेपक कोणता, व्हॉल्व्ह कोणते, एरियल किती उंच, हेही नोंदवावयाचे. पुष्कळ जण कार्डावर आपल्या टेबलाचे व संचाचे छायाचित्रच छापीत. आज मायक्रोकंट्रोलरवाले जी छायाचित्रे दाखवितात त्यांचे घराणे शोधावयाचे झाल्यास ते या कार्डांपाशी येऊन पोहोचते.

या कार्डांच्या जगात गोमंतकाची एक गमतीची जागा आहे. पोर्तुगीज अमदानीत येथील संकेतनामांचा आरंभ ‘सीआर ८’ या अक्षरांनी होई, तर भारतातील हौशी केंद्रांची नावे ‘व्हीयू’ने सुरू होतात. अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था जगातील देशांची एक यादी ठेवते, आणि अमुक इतक्या देशांशी बोलल्याचा पुरावा कार्डांनी दाखविणारास सन्मानपत्र देते. त्या यादीच्या ‘वगळलेले’ या भागात गोवा आजही स्वतंत्र नोंदीने आहे. १९६१ अखेरपर्यंतचे संभाषण असेल तरच ते मोजले जाते. साम्राज्य गेले, त्याची कचेरी गेली, पण कोणा परदेशी माणसाच्या कपाटात पडलेल्या पोस्टकार्डावर त्याची तारीखवार नोंद राहिली.

मुक्तीनंतरच्या काळात आपल्याकडे विद्युत्‌कलेची खरी शाळा भरली ती मात्र परवान्याच्या खोलीत नव्हे, तर उत्सवाच्या मांडवात. चवथीचे देखावे, दिवाळीचे नरकासुर, शिगम्याचे चित्ररथ, वास्कोच्या दामोदर सप्ताहातील पारांच्या मिरवणुका: जेथे आरास आली तेथे चढाओढ आली, आणि चढाओढ आली तेथे दिव्यांनी धावावे, देवाने हात उचलावा, राक्षसाने मान वळवावी अशी हौस आली. या कामाकरिता जी युक्ती भारतभर चालत असे ती सांगण्यासारखी आहे. लाकडाचा एक लंबगोल रूळ घ्यावयाचा व त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकावयाच्या. संथ मोटरीने रूळ फिरे आणि पितळेच्या लवचिक जिभा त्यावर घासत. जिभेखाली पट्टी आली की दिवा लागे, लाकूड आले की विझे. पट्टी लांब असेल तर दिवा अधिक वेळ राही. दिव्यांचा क्रम बदलावयाचा तर पट्ट्या उपटून नव्याने ठोकाव्या लागत. ठिणग्या उडत, पट्ट्या काळवंडत, आणि मध्यरात्री कोणीतरी सँडपेपर घेऊन मांडवामागे बसलेला असे. हात-मान हलविण्यास वाहनांची वायपर मोटर कामी येई. ती बारा व्होल्टवर चालते, तिची गती मंद व जोर भरपूर.

१९७२ च्या सुमारास ५५५ या आकड्याने ओळखला जाणारा आठ पायांचा टायमर बाजारात आला, व पुढे ४०१७ हा गणक त्याच्या जोडीस बसला. एक ठोके देणार, दुसरा ते मोजून दहा दिवे क्रमाने लावणार; रूळ गेला व ठिणग्याही गेल्या. परंतु क्रम ठराविकच राहिला. तो मनाजोगता करण्याचे सामर्थ्य मायक्रोकंट्रोलरने दिले. गणकयंत्राचे मर्म, स्मृती व बाहेरच्या तारांची द्वारे एकाच तुकड्यात कोंडलेली ही वस्तू १९७४ पासून विक्रीस होती. १९८० साली आलेला इंटेलचा ८०५१ आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत एका पिढीने घोकला. जे पूर्वी लाकडावर पट्टी ठोकून सांगावयाचे, ते आता ओळीने लिहून सांगावयाचे. रूळ व लिखित आज्ञावली यांत तत्त्वतः भेद नाही. ज्यांना हे नवे शास्त्र परके वाटते त्यांनी तो तांब्याच्या पट्ट्यांचा रूळ डोळ्यांपुढे आणावा.

तथापि विद्या आली म्हणून ती पसरली असे झाले नाही. बक्षिसाच्या ईर्ष्येने मांडवामागचा पडदा घट्ट ओढलेला राही. तुकड्यावरचा क्रमांक घासून टाकण्याची वाईट खोडही या धंद्यात सर्वत्र होती, म्हणजे दुसऱ्याने उघडून पाहिले तरी त्यास काही कळू नये. वाचकांनी यास व्यवहार म्हणावे; आम्ही कृपणपणा म्हणतो. त्यापायी कितीतरी युक्त्या करणाराबरोबरच नाहीशा झाल्या. तो आखातात गेला, तारवटी होऊन जहाजावर चढला किंवा वारला, की पुढच्या वर्षी देवाचा हात खाली तो खालीच.

हा पडदा दूर झाला त्याचे श्रेय इटलीतील इव्ह्रेया या गावी २००५ साली निघालेल्या आर्दुइनो नावाच्या लहानशा पाटीला पुष्कळ अंशी द्यावे लागते. तेथील एका शिक्षणसंस्थेत, एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने दोन वर्षांपूर्वी आरंभिलेल्या कामाच्या पायावर, मास्सिमो बान्झी व त्यांच्या सोबत्यांनी ती केली, आणि गावातील एका पानगृहाचे नाव तिला दिले. पाटीचा आराखडा त्यांनी कोणासही वापरता येईल असा मोकळा ठेवला. त्यामुळे तिच्या स्वस्त नकला देशोदेशी झाल्या व त्या शाळकरी मुलांच्याही हाती आल्या. महाराष्ट्राने या बाबतीत मागे राहिल्याचे दुःख करू नये. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली, म्हणजे आर्दुइनोच्याही आधी, अमेरिकेतील एमआयटीच्या साहाय्याने ‘फॅब लॅब’ उभी राहिली. एमआयटीबाहेर निघालेल्या अशा पहिल्यावहिल्या कर्मशाळांत तिची गणना होते. शेतकऱ्याच्या पोरांनी स्वतःच्या गरजेचे उपकरण स्वतः करावे, हा कलबागांचा आग्रह. हात चालविल्यावाचून विद्या येत नाही, हे त्यांनी आयुष्यभर करून दाखविले.

आता या छायाचित्रांविषयी थोडे परखड बोलणे प्राप्त आहे. जुन्या क्यूएसएल कार्डाच्या मानाने ती एका बाबतीत फार उणी आहेत. कार्डावर तारीख होती, स्थळ होते, करणाराचे चिन्ह होते. आजच्या चित्रात लाल-निळ्या तारांचे जाळे सुरेख दिसते, पण ते वास्कोचे की वाराणसीचे, या चवथीचे की दहा वर्षांपूर्वीचे, हे कळावयास मार्ग नसतो. दुसरे असे की, रुळावरच्या पट्ट्या डोळ्यांस दिसत. मायक्रोकंट्रोलरमधील आज्ञावली कितीही जवळून चित्र घेतले तरी दिसणार नाही. तारा म्हणजे अर्धे यंत्र. उरलेले अर्धे कागदावर उतरविलेले नसेल, तर झाकण उघडे असूनही पेटी बंदच म्हणावी लागेल. जे हौशी लोक चित्राच्या जोडीस हाताने काढलेली आकृती, आज्ञावली व चार ओळींचे टिपण देतात, त्यांचेच काम दुसऱ्याच्या घरी पुन्हा उभे राहू शकते.

नरक चतुर्दशीच्या पहाटे गावोगावी नरकासुर जळतात. पेटविण्यापूर्वी मंडळाची पोरे काठ्या-कागदांच्या त्या धडात शिरून वायपर मोटर, बॅटरी आणि पाटी काढून घेतात, कारण ती पुढच्या वर्षी लागावयाची असतात. पूर्वी या वेळी छायाचित्र निघे ते राक्षसाच्या तोंडाचे. आता बॅटरीच्या उजेडात कोणीतरी त्याच्या पाठीमागे वाकून, तारा सोडविण्याआधी, आतल्या भागाचेही एक चित्र घेतो.