मलावी सरोवर: समुद्रासारखे किनारे, रंगीत मासे आणि पाण्यात उतरण्याआधी माहीत असावी अशी गोष्ट

मलावी या देशाला समुद्र नाही. पण त्याच्या पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ७५ किलोमीटर रुंद असं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. पांढरी वाळू, किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा, होड्या, वाळत घातलेली मासळी. फक्त पाणी खारट नाही, एवढाच फरक. क्षेत्रफळानुसार आफ्रिकेतलं हे तिसऱ्या क्रमांकाचं सरोवर. टांझानिया आणि मोझांबिकच्या बाजूला त्याला न्यासा म्हणतात.

पर्यटक सर्वाधिक जातात ते दक्षिणेकडच्या केप मॅक्लियरला. १९८० साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८४ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. गंमत म्हणजे हे उद्यान सिंह-हत्तींसाठी नाही, मुख्यतः माशांसाठी आहे! आपल्याकडे अक्वेरियमच्या दुकानात ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हणून जे पिवळेधमक, निळे मासे मिळतात, त्यातल्या बऱ्याच जातींचं मूळ घर हेच. सिक्लिडच्या शेकडो जाती इथे आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात इतरत्र कुठेच नाहीत. अनेक जातींची मादी अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळते. खडकाळ किनाऱ्याजवळ स्नॉर्कल लावून डोकं पाण्यात घातलं की हे सगळं समोर दिसतं.

आता ती गोष्ट. या पाण्यात बिल्हार्झियाचा धोका आहे. या आजाराचे जंतू उथळ पाण्यातल्या गोगलगायींमध्ये वाढतात, पाण्यात सुटतात आणि माणसाच्या त्वचेतून थेट शरीरात शिरतात. जखम असायचीही गरज नाही. सरोवराचे मोकळे किनारे यापासून सुरक्षित आहेत, असं १९८०च्या दशकापर्यंत समजलं जायचं. पुढे पर्यटकांनाही लागण झाल्याचं दिसू लागलं. संशोधकांच्या मते यामागचं एक मोठं कारण मासेमारी. गोगलगायी खाणारे मासे बारीक जाळ्यांनी उपसले गेले आणि गोगलगायी वाढल्या. पर्यटक चार दिवस डुंबून परततो, पण किनाऱ्यावरच्या गावांतली मुलं रोज त्याच पाण्यात खेळतात, बायका तिथेच कपडे-भांडी धुतात. खरी झळ त्यांनाच बसते.

म्हणून गवताळ, संथ, गावालगतचं उथळ पाणी टाळा. होडीने लांब, खोल पाण्यात जाऊन पोहलात तर धोका कमी होतो, संपत नाही. नदीमुखांजवळ आणि लव्हाळ्यात पाणघोडे आणि मगरी असतात, तिथे स्थानिकांना विचारल्याशिवाय उतरूच नका. पाणघोडे रात्री चरायला काठावर येतात, त्यामुळे अंधारात किनाऱ्यावर फिरणंही नको. हत्ती बघायचे असतील तर सरोवरातून निघणाऱ्या शिरे नदीकाठी लिवोंडे राष्ट्रीय उद्यान आहे.

जायला मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ बरा. मधल्या महिन्यांत ‘म्वेरा’ नावाचा आग्नेय वारा सुटला की सरोवर चांगलंच खवळतं. मलेरिया मात्र वर्षभर असतो, तेव्हा प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

परत आल्यावर त्रास नसला तरी दोन-तीन महिन्यांनी बिल्हार्झियाची तपासणी करून घ्या. प्राझिक्वान्टेल हे औषध त्यावर चांगलं लागू पडतं. आपल्याकडे हा आजार फारसा नसल्याने डॉक्टरांच्या तो पटकन लक्षात येणार नाही. आफ्रिकेतल्या सरोवरात पोहलो होतो, हे तुम्हीच आठवणीने सांगा.