कोणतं भाषांतर खरं? ग्रंथप्रामाण्य, रमाबाई आणि बाबासाहेब

परभणीतल्या आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारलं, "ताई, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची वेगवेगळी मराठी भाषांतरं दिसतात. त्यातलं खरं कोणतं?"

मित्रांनो, या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. मूळ कोणतं मानायचं? आणि भाषांतर कोणासाठी केलं? ख्रिस्ती जगाने या दोन्ही प्रश्नांवर मोठे वाद घातले आहेत. ते आपण समजून घेतले पाहिजेत.

इरॅस्मसने 1516 मध्ये ग्रीक 'नवा करार' छापला, तो हाताशी असलेल्या मोजक्या आणि बऱ्याच उशिराच्या हस्तलिखितांवरून. 1611 च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमधला नवा करार याच परंपरेतल्या ग्रीक पाठावर उभा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात सिनाई पर्वताजवळच्या मठातलं चौथ्या शतकातलं हस्तलिखित अभ्यासकांसमोर आलं. त्यात मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या 12 ओव्याच नाहीत! व्यभिचाराचा आरोप असलेल्या बाईला येशू दगडांच्या मारातून वाचवतो, ती योहानातली गोष्टही नाही. 1881 च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने या फरकांची नोंद छापूनच टाकली. काहींचा संताप झाला, पण पुरावा लपवला गेला नाही.

दुसरा प्रश्न महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी विचारला. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर होतं. वैदिक संस्कार झालेले शब्द त्यांना खटकत. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायका होत्या. त्यांना समजेल असं बायबल हवं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सुमारे दीड तप भाषांतरावर खपल्या. छपाईचं कामही तिथल्या बायकांनीच केलं. 1922 मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं. शास्त्री घराण्यातली बाई पंडिती भाषा बाजूला सारते, ही साधी गोष्ट नव्हे.

पण इथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. रमाबाईंनी भाषेची मक्तेदारी मोडली, ग्रंथाचं प्रामाण्य मात्र मानलं. बाबासाहेब त्यापुढे गेले. त्यांनी पालीचा व्याकरण-कोश तयार केला, म्हणजे मूळ भाषेचे कष्ट टाळले नाहीत. तरीही जुनं आहे म्हणून काहीच स्वीकारलं नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही कथा त्यांनी नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद पुढे ठेवला. बुद्धवचन ओळखायची कसोटीही दिली: ते बुद्धीला पटणारं आणि माणसाच्या हिताचं असलं पाहिजे.

हीच कसोटी आपण बाबासाहेबांच्या पुस्तकांना लावतो का? 1956 मध्ये लिहिलेली त्यांची प्रस्तावना 1957 च्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नव्हती. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? भाषांतरातलं वाक्य मूळ इंग्रजीशी ताडून पाहणारे किती?

त्या तरुणाला मी एवढंच सांगितलं: दोन्ही भाषांतरं आण, मूळ इंग्रजी आण, शेजारी ठेवून वाच. पुस्तकाला हार घालणं सोपं आहे. पण चिकित्सा सोडली तर वेदप्रामाण्य मानणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय उरला?

जय भीम!