एकेक फोटॉन मोजताना

जेसीबीने केबल तोडली की पहिला प्रश्न: खणायचं कुठे? याचं उत्तर १९७६ मध्ये बार्नोस्की आणि जेन्सन यांनी दिलं. एका टोकातून प्रकाशाचा स्पंद सोडायचा आणि काचेत विखरून परत येणारा अंश टिपायचा. विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघतो ना, तसंच. परतायला एक मायक्रोसेकंद लागला तर अंतर साधारण १०० मीटर. हाच ओटीडीआर.

पण लांबून येणारा प्रकाश इतका क्षीण, की यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटात बुडून जातो. १९८० मध्ये हिली आणि हेन्सेल यांनी मग "प्रकाश किती?" हे विचारणंच सोडलं. फोटॉन आला का, आणि कधी, एवढंच नोंदवायचं. असंख्य स्पंदांनंतर त्या नोंदींचाच आलेख होतो. मला ही युक्ती जाम आवडते: ताकद नाही, तर वाट बघा!

अर्थात भानगडी आहेतच. एक फोटॉन टिपला की डिटेक्टर क्षणभर आंधळा होतो, आणि अंधारातही उगाच 'आला' म्हणतो. २००१ मध्ये मॉस्कोच्या गोल्टस्मन यांच्या गटाने अतिवाहक तारेचा डिटेक्टर दाखवला. त्याच्या खोट्या नोंदी फार कमी, पण त्याला उणे २७० अंशांच्या आसपासची थंडी लागते. त्यामुळे खड्ड्याशी उभ्या तंत्रज्ञाच्या हातात अजून साधा ओटीडीआरच असतो.