माळवद आणि काच

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा ज्या काळ्या मातीच्या आणि काळ्या खडकाच्या मुलखात वसले आहे, तेथील जुन्या घराचा इतिहास हा मुख्यतः ऊन अडवण्याचा इतिहास आहे, आणि काचेच्या भिंतींच्या आधुनिक घराची ओढ समजून घ्यायची तर ती याच घराशेजारी ठेवून पाहणे उचित ठरते.

मराठवाड्यात पिकाच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या ढासळलेल्या आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या घरांच्या मातीनेच पांढरीचा थर वाढत जातो. याच मातीचे माळवद, म्हणजे सपाट धाब्याचे छत, घरावर असे. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर लाकडाच्या बारीक पट्ट्या, मग पाल्याचा थर आणि शेवटी खारी माती अशी त्याची रचना होती, कारण खाऱ्या मातीतून पाणी सहसा झिरपत नाही आणि तिच्यावर गवतही फारसे माजत नाही. दोन तुळयांमधील अंतराला खण म्हणत आणि घराची ऐपत खणांत मोजत. दोन-अडीच हात जाडीच्या भिंतींना रस्त्याकडे खिडक्या जवळजवळ नसत, ऊन आणि चोर या दोघांचीही वाट त्यामुळे बंद होई, आणि उजेड येई तो मधल्या चौकातून किंवा माळवदाला ठेवलेल्या झरोक्यातून. असा वाडा आत पाहणारा असतो; आकाशाचा मोजका तुकडा तो घरात घेतो आणि बाकीचे जग ढाळजेबाहेर, म्हणजे दारालगतच्या बैठकीबाहेर, ठेवतो.

काचघर याच्या नेमके उलट आहे. त्याचा जन्म जेथे ऊन दुर्मीळ आणि हवेहवेसे असते अशा थंड देशांत, रोपे जगवण्यासाठी बांधलेल्या काचगृहांतून झाला, आणि १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसने त्याचे भव्य रूप जगापुढे मांडले. पुढे वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेत स्वतःसाठी काचेचे घर बांधले, तर १९५१ मध्ये मीस व्हान डेर रोह यांनी रचलेले फार्न्सवर्थ हाउस पूर्ण झाले. झाडे, बर्फ आणि नदी थेट घरात आल्याचा भास हे अशा घरांचे खरे सौंदर्य होते, आणि ते नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु फार्न्सवर्थ हाउस ज्यांच्यासाठी बांधले त्या एडिथ फार्न्सवर्थ यांना त्या घरात उन्हाळ्याचा उकाडा आणि खासगीपणाचा अभाव सोसावा लागला, हेही तितकेच खरे आहे.

मराठी समाजाची काचेशी ओळख वेगळ्या वाटेने झाली. स्वदेशीच्या चळवळीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला आणि १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाची काच खेड्यापाड्यांत पोहोचली. भिंत पारदर्शक करण्याच्या कितीतरी आधी काच येथे दिव्याची ज्योत वाऱ्यापासून जपण्यासाठी आली, हा फरक महत्त्वाचा आहे. कोकणातील आचऱ्याचे वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे यांनी १९४० च्या दशकात हार्वर्डमध्ये वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिक्षण घेतले. जर्मनीतील डेसाऊ येथील बाउहाउस या कलाशाळेची प्रसिद्ध काचभिंत ग्रोपियस यांचीच. तरीही कानपूरच्या आयआयटीसाठी कानविंदे यांनी वीट, काँक्रीट आणि सावलीचे मार्ग निवडले, आणि या हवामानात आधुनिक होण्याचा तोच समंजस मार्ग होता.

माळवदाचा अंत मात्र काचेने घडवला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगड-मातीच्या भिंती आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीने जड झालेली छते यांखाली दडपली गेली. भिंती कोसळल्यावरही अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला, म्हणजे दोष साऱ्या रचनेचा नव्हता. पण भीतीने हा भेद केला नाही. सिमेंटचा स्लॅब सुरक्षिततेची आणि सुबत्तेची खूण बनला, त्याच्या मागोमाग सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या, आणि उतरवलेल्या वाड्यांचे सागवान व्यापाऱ्यांकडे गेले. त्यांतील नक्षीदार खांब आता शहरांतील हॉटेलांत आणि शेतघरांत शोभेसाठी उभे केले जातात, तर ज्या चौकाकडे ते तोंड करून होते तो चौक त्यांच्याबरोबर नेता आलेला नाही.