धडकेचा हिशेब : स्मृती, फासे आणि सूत्रधार

रस्त्यात वाहनाची धडक बसली, तर नुकसानीचा हिशेब कसा करावा, हा प्रश्न मोटारींच्या युगाबरोबर जन्मास आला असे आपणांस वाटते. वस्तुतः तो फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील २९० ते २९८ हे श्लोक सर्वस्वी याच विषयास वाहिलेले आहेत. वाहन, ते हाकणारा आणि त्याचा धनी या तिघांना दंडातून सूट मिळावी असे दहा प्रसंग तेथे सांगितले आहेत. जनावराची वेसण तुटणे, जू मोडणे, वाहन आडवे जाणे, ते मागे सरणे, आस मोडणे, चाक मोडणे, चामड्याचे बंद तुटणे, जुंपणीची दोरी तुटणे, लगाम तुटणे हे नऊ. आणि हाकणाऱ्याने ‘बाजूला व्हा’ म्हणून मोठ्याने ओरडून इशारा दिलेला असणे, हा दहावा.

देवाच्या रथोत्सवात रथापुढे चालून गर्दीस मागे सारणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या आरोळीत हा दहावा प्रसंगच बोलत असतो.

उरलेल्या प्रसंगी दंड आहे, आणि तोही विवेकाने वाटलेला. हाकणाऱ्याच्या अकुशलतेमुळे वाहन भरकटून कोणास इजा झाली, तर २०० पण दंड धन्याने द्यावयाचा, कारण तसला माणूस त्यानेच नेमला. हाकणारा कुशल असेल, तर दोष त्याचा स्वतःचा. अकुशल माणसाच्या वाहनात जाणूनबुजून बसणाऱ्या प्रत्येकास १०० पण. मनुष्य दगावला तर अपराध चोरीच्या तोलाचा; गाय, हत्ती, उंट, घोडा यांच्या बाबतीत त्याच्या निम्मा; आणि तेथून दंड उतरत उतरत कुत्र्यासाठी एका माषापर्यंत येतो. येथे धडकेचा जोर कोठेच मोजलेला नाही. मोजला आहे तो दोष, आणि गेलेल्या जिवाचे मोल.

याच्या नेमकी उलट वाट युरोपातील युद्धखेळांनी धरली. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने इ.स. १८२४ मध्ये नकाशावर खेळावयाच्या लढाईचे नियम प्रसिद्ध केले. त्यात फासा टाकून कोष्टकावरून सैन्याची हानी ठरवीत. पुढे कोष्टके इतकी वाढली की खेळ जड झाला, आणि इ.स. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवावा असे प्रतिपादिले. कोष्टक की पंच, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

त्या परंपरेतूनच इ.स. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. चारपाच जण मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. आणि एक जण कथा चालवितो व निवाडा देतो. त्याला आपल्या नाट्यपरंपरेतील ‘सूत्रधार’ हेच नाव शोभेल. उंचावरून पडलेल्या पात्राची हानी मोजण्यासाठी या खेळाच्या इ.स. १९७८ च्या पुस्तकात दर १० फुटांस सहा बाजूंचा एक फासा, आणि अधिकात अधिक २० फासे, असा नियम आहे. परंतु सर्व प्रसंग पुस्तकात मावत नाहीत.

सुरतेच्या लिंबायत भागात यंत्रमागांच्या कामानिमित्त खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. समजा, तेथील काही मुले असा खेळ मांडून बसली, आणि त्यांच्या कथेत कापडाच्या गाठींनी भरलेला टेंपो अरुंद गल्लीत एका पात्रावर आदळला. पुस्तकात पान सापडत नाही. सूत्रधाराने आता काय करावे?

प्रथम जोर मोजावा. वेग दुप्पट तर फासे दुप्पट, असे मनात सहज येते; पण ते चूक आहे. अठराव्या शतकात लायडन येथील स्ग्राव्हेसांडे या पंडिताने पितळेचे गोळे मऊ मातीवर टाकून दाखविले की दुप्पट वेगाचा गोळा चौपट खळगा पाडतो. म्हणून वेगाचे रूपांतर उंचीत करावे. ताशी ३० किलोमीटर वेग म्हणजे सुमारे १२ फुटांवरून पडणे. ताशी ६० म्हणजे सुमारे ४६ फुटांवरून. पहिल्यास एक फासा, दुसऱ्यास चार. पडण्याचा जुना नियम अशा रीतीने धडकेसही लागू पडतो.

परंतु एवढ्याने निवाडा पुरा होत नाही. चालकाने आधी ओरडून इशारा दिला होता काय? असेल, तर त्या पात्रास उडी मारून वाचण्यासाठी एक फासा अवश्य मिळावा. टेंपोचे चाक निखळले की चालक बेफिकीर होता? जखम दोन्हीकडे सारखीच. पण भरपाई कोणी द्यावी, आणि कथेतल्या गल्लीने कोणाकडे बोट दाखवावे, हे यावरून ठरेल. नवख्या हाती टेंपो देणारा मालकही सुटू नये. फाशाने जोर सांगावा, विवेकाने दोष सांगावा.

येथे एक सावधगिरी हवी. ज्या स्मृतीत हा सूक्ष्म विचार आहे, त्याच स्मृतीत अपराध एकच असूनही वर्ण पाहून दंड कमीजास्त करणारी वचने आहेत. महाड येथे इ.स. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिचे दहन झाले, ते अशाच विषमतेच्या निषेधार्थ. दोषाचे बारकाईने वजन करणारा तराजूही माणूस बघून झुकू लागला, की तो न्यायाचा उरत नाही. हे मेजावरील सूत्रधारासही लागू आहे. आयत्या वेळी केलेला नियम त्याने लिहून ठेवावा, आणि उद्या आपल्या जिवलग मित्राच्या पात्राने तीच धडक दिली, तरी तोच लावावा.

नियम नसताना नियम करणे हे अधिकाराचे काम आहे. त्या अधिकाराची खरी कसोटी नियम सुचण्यात नाही, तो आपल्या माणसावर लावण्यात आहे. ही कसोटी मुलांनी खेळताखेळता ओळखली, तर पुढे गल्लीतल्या, देवळातल्या आणि पंचायतीतल्या निवाड्यास बसताना ती त्यांस परकी वाटणार नाही.