ऑल्बनी, १९११: दुपारी बारा

फेब्रुवारी १९११. बाहेर कडाक्याची थंडी. कॅपिटॉलचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाचा, अवाढव्य दगडी जिना चढून तुम्ही असेंब्लीच्या प्रेक्षक सज्जात टेकता. खाली न्यूयॉर्क राज्याची दोन्ही सभागृहं एकत्र बसली आहेत: असेंब्लीचे १५० आणि सिनेटचे ५१. सगळे पुरुष, सगळे गोरे. राज्यातल्या बायकांना मताचा हक्क मिळायला अजून सहा वर्षं आहेत.

नावं पुकारली जातायत. वॉशिंग्टनला कोणता सिनेटर पाठवायचा, हे अजून आमदारच ठरवतात. टॅमनी हॉल या न्यूयॉर्क शहरातल्या पक्षयंत्रणेचा प्रमुख चार्ल्स मर्फी याला विल्यम शीहान हवा आहे. त्याच्याच डेमोक्रॅटिक पक्षातले वीसेक आमदार मात्र अडून बसलेत. त्यांचा म्होरक्या तो बघा, उंच, शिडशिडीत, नाकावर चिमट्याचा चष्मा: २९ वर्षांचा फ्रँकलिन रूझवेल्ट. हडसनकाठच्या बड्या घराण्यातला, आमदारकीची पहिलीच खेप.

मला मात्र दुसरे दोघं महत्त्वाचे वाटतात. असेंब्लीत बहुमताचा नेता अल स्मिथ. शाळा अर्धवट सोडलेला, फुल्टन मासळी बाजारात राबलेला. सिनेटमधला नेता रॉबर्ट वॅग्नर, लहानपणी जर्मनीहून बोटीने आलेला. दोघंही टॅमनीचे, दोघंही गरीब वस्त्यांत वाढलेले.

अशा वस्त्यांच्या वाट्याला इथे जागा कमी येतात, आणि तेही कायद्यानेच. राज्यातली निम्म्याहून जास्त माणसं न्यूयॉर्क शहरात राहतात. पण १८९४च्या राज्यघटनेने जवळजवळ प्रत्येक काउंटीला, मग ती कितीही विरळ असो, असेंब्लीत एक जागा बांधून दिली आहे. शेजारच्या कोणत्याही दोन काउंट्यांना मिळून सिनेटच्या निम्म्याहून जास्त जागा मिळणार नाहीत, अशीही मेख आहे. ती शहरातल्या मॅनहॅटन आणि ब्रुकलिनसाठीच मारलेली. हा उघड अन्याय आहे.

पुकारा संपतो. आजही कुणाला बहुमत नाही. उद्या बाराला पुन्हा हेच. मार्चअखेर शीहान मागे पडेल, जेम्स ओगॉर्मन निवडून येईल.

त्याच्या सहाच दिवस आधी, २५ मार्चला, मॅनहॅटनमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार आगीत जातील. त्यात बहुतेक तरुण स्थलांतरित मुली. त्यानंतर कारखान्यांच्या चौकशीसाठी जो आयोग नेमला जाईल, त्याचा अध्यक्ष असेल वॅग्नर आणि उपाध्यक्ष स्मिथ. ते कारखान्याकारखान्यांत जाऊन जिने आणि दारं स्वतः तपासतील, आणि मग इथेच परत येऊन कायदे मांडतील.